पांढरे पट्टे, तांबरम, 1945

फेब्रुवारी 1945. तुम्ही तांबरम स्टेशनाबाहेर उभे आहात. मद्रास बीचहून आलेली मीटरगेजची विजेची गाडी नुकतीच रिकामी झाली आहे. ती 1931 पासून धावते आहे. आता तिचं कुणालाच अप्रूप नाही. दिवस थंडीचे, पण ऊन चढताच सदरा पाठीला चिकटतो. तेवढ्यात आभाळात घरघर सुरू होते आणि आजूबाजूची बोलणी थांबतात. एप्रिल 1942 कोणी विसरलेलं नाही. जपान्यांनी विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बॉम्ब टाकले, तेव्हा लोकांनी बोचकी बांधून मद्रास सोडलं होतं. तुम्हीही मान वर करता आणि पंखांवर लाल गोळा शोधता.

तो नाही. पंखांवर आणि शेपटीवर पांढरे पट्टे आहेत. ब्रिटिशांचं स्पिटफायर! तुमचा अडकलेला श्वास सुटतो.

रशियात युद्धाच्या सुरुवातीच्या हिवाळ्यांत लढाऊ विमानांना पांढरा रंग फासत, ती बर्फात दिसू नयेत म्हणून. वसंत आला की धुऊन टाकत. इथे पांढरा रंग दिसावा म्हणूनच आहे. ब्रिटिश विमानांवरच्या वर्तुळाच्या खुणेतला मधला लाल ठिपका लांबून जपानी सूर्यासारखा दिसे आणि आपल्याच तोफा आपल्याच विमानांवर रोखल्या जात. म्हणून लाल काढला. गडद निळ्यात फिकट निळा ठेवला. भारतीय हवाई दलाची विमानंही हीच खूण मिरवतात. तेवढ्यानं भागेना, म्हणून वर हे पट्टे. युद्धातल्या रंगकामात मला हे सर्वांत माणुसकीचं वाटतं. ब्रश घेऊन पंखावर वाकलेला माणूस इथे वैमानिकाचा जीव वाचवतो आहे.

आता ब्रह्मदेशात चला. तारीख 19 फेब्रुवारी. ब्रिटिशांची चौदावी आर्मी इरावती नदी ओलांडते आहे. 17 स्क्वॉड्रनचा प्रमुख जेम्स 'जिंजर' लेसी स्पिटफायर घेऊन वर गेला आहे. बॅटल ऑफ ब्रिटनमध्ये हा साधा सार्जंट होता, तरी तिथल्या सर्वाधिक यशस्वी वैमानिकांत त्याचं नाव येतं. समोर जपानी लढाऊ विमान 'ऑस्कर' येतं. लेसी 20 मिलिमीटर तोफेचे फक्त नऊ गोळे झाडतो. ऑस्कर कोसळतं. हा त्याचा अठ्ठाविसावा आणि शेवटचा बळी. खाली खंदकातला जवान मान वर करून पट्टे बघतो आणि मशिनगनच्या घोड्यावरचं बोट काढतो.

जूनमध्ये 17 स्क्वॉड्रन नव्या, जास्त ताकदीच्या स्पिटफायरसाठी मदुराईला आलं. तांबरमहून दक्षिणेला जाणारी मीटरगेजची लाइन तेव्हा तिथेही पोचत होती. 1946 मध्ये जपानच्या आकाशात पहिलं स्पिटफायर उडालं, ते लेसीनंच उडवलं.