पडदा आणि निरी

तलवारींचा, तटबंदींचा आणि तहांच्या कलमांचा इतिहास लिहिण्याकडे आमच्या लेखकांचें लक्ष जितकें गेलें, तितकें घरांतील साध्या वस्तूंकडे गेलें नाहीं. तलवार वर्षांतून एकदां पूजेस निघते. खिडकीवरचा पडदा मात्र रोज सकाळीं उघडतो आणि रोज दिवेलागणीस ओढला जातो. ज्या वस्तूला दिवसांतून दोन वेळां हात लागतो, तिला इतिहास नसेल असें कसें म्हणावें? प्रस्तुत लेखांत या पडद्याची हकीकत सांगण्याचा आमचा विचार आहे. तो कोणत्या कापडाचा व कोणत्या रंगाचा, हें त्यांत येईलच. परंतु त्याची दोरी कोणाच्या हातांत होती, हा आम्हांस त्याहून महत्त्वाचा प्रश्न वाटतो.

महाराष्ट्रीय माणसाच्या आयुष्यांतला सर्वांत मानाचा पडदा टांगलेला नसतो, धरलेला असतो. बोहल्यावर वधूवरांमध्यें जो अंतरपाट धरतात, त्याला ना सळई, ना कडी. दोन माणसें दोन बाजूंनीं तो धरतात, मंगलाष्टकें संपतात, मुहूर्त येतो आणि तो दूर होतो. देवळांत नैवेद्याच्या वेळीं गाभाऱ्यावर पडदा सरतो, तोही असाच घटकाभराचा. या दोन्ही ठिकाणीं पडदा आहे तो दूर होण्यासाठींच. झांकणें हें त्याचें निमित्त, आणि पुढचें दर्शन हा त्याचा हेतु.

संस्कृत कवींना पडद्याचें हें मर्म चांगलें ठाऊक होतें. अमरकोशांत त्याला प्रतिसीरा, जवनिका आणि तिरस्करिणी अशीं तीन नांवें दिलेलीं आहेत. कालिदासानें कुमारसंभवाच्या पहिल्याच सर्गांत हिमालयाच्या गुहांच्या दारांवर लोंबणाऱ्या मेघांना तिरस्करिणी म्हटलें आहे. आंतल्या किंपुरुषस्त्रियांची लाज ते मेघ राखतात. मालविकाग्निमित्राच्या दुसऱ्या अंकांत तर अग्निमित्र राजा पडद्याआडच्या मालविकेला पाहण्यास इतका उतावीळ झालेला आहे कीं, आपली दृष्टीच तो पडदा बाजूला सारूं पाहत आहे, असें त्याला वाटतें. राजशेखरानें कर्पूरमंजरींत अंकांना 'जवनिकांतर' हेंच नांव देऊन टाकलें. या जवनिकेचें दुसरें रूप यवनिका. तेवढ्या एका अक्षरावरून एकोणिसाव्या शतकांतील कांहीं यूरोपीय पंडितांनीं असा तर्क केला कीं, नाटकाचा पडदा भारतीयांनीं यवनांपासून म्हणजे ग्रीकांपासून घेतला. त्यावरचा आक्षेप साधा आहे. ग्रीकांचें नाट्यगृह उघड्यावरचें. त्यांत असा पडदाच नव्हता. जें ज्याच्याजवळ नाहीं, तें त्यानें दुसऱ्यास द्यावें कसें? कापड यवनदेशाकडून आलें असेल व नांव कापडावरून पडलें असेल, असा मधला मार्गही निघाला. आणि मूळ शब्द जव म्हणजे वेग यावरून आलेला, झर्रकन् सरणारी ती जवनिका, असेंही प्रतिपादन झालें. शब्दाचा उगम कांहींही असो. वस्तु आमच्या ओळखीची जुनीच आहे.

ज्या शब्दानें आज आपण तिला हांक मारतों तो 'पडदा' मात्र फारसी. तो येतांना एकटा आला नाहीं. कनात, चिक, फरास असे सोबती घेऊन आला. अबुल फज्लच्या आइन-ए-अकबरींत बादशाही छावणीच्या तंबू-कनातींचें जें वर्णन आहे, तें वाचतांना कापडाचें एक चालतें शहरच डोळ्यांपुढें उभें राहतें. मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांत फरासखाना हा एक होता. तंबू, कनाती आणि बिछायती यांची व्यवस्था त्याच्याकडे असे. पुण्यांतील फरासखाना हें नांव आज पोलीस ठाण्याच्या पाटीवर टिकून आहे. तेथून जाणाऱ्या किती जणांच्या मनांत कनातीचा विचार येत असेल?

परंतु कनातीबरोबर पडद्याचा अर्थही पालटला. अंतरपाट दूर होण्यासाठीं होता. गोषाचा पडदा दूर न होण्यासाठीं होता. सरदार-दरकदारांच्या आणि संस्थानिकांच्या घराण्यांत त्यानें स्त्रीच्या आयुष्याला भिंत घातली. १८५४ सालीं झांशी खालसा झाल्यावर राणी लक्ष्मीबाईंनीं जॉन लँग नांवाच्या वकिलाला सल्ल्यासाठीं बोलावून घेतलें. त्यानें लिहून ठेवलेल्या हकीकतीप्रमाणें राणी पडद्याआड बसल्या होत्या आणि हा पडद्याबाहेर. बोलणें चाललें असतां त्यांच्या अल्पवयी दत्तक पुत्रानें एकाएकीं पडदा बाजूला ओढला व लँगला राणींचें क्षणभर दर्शन घडलें. हें चुकून घडलें कीं राणींच्या मनांतूनच होतें, याविषयीं त्याला स्वतःलाही निश्चय करतां आला नाहीं. आम्हांस या प्रसंगांत सर्वांत बोचते ती गोष्ट निराळीच आहे. एका राज्याचा न्याय मागणारी स्त्री आपला पक्ष एका कापडाच्या आडून मांडीत होती, आणि तें कापड दूर करण्याची मुभा लहान मुलाला होती. पुढें तिनें रणांगण गांठलें तेव्हां मध्यें पडदा उरला नाहीं. पण त्याला तीनच वर्षांनंतरचा वणवा पेटावा लागला. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाईंनीं पडद्याची चाल सोडली ती शांततेच्या काळांत. आणि १९२७ सालीं पुण्यांत अखिल भारतीय महिला परिषदेचें पहिलें अधिवेशन भरलें, तेव्हां अध्यक्षस्थानीं त्याच होत्या.

आमच्या मध्यमवर्गीय घरांत गोषा नव्हता, असें आपण अभिमानानें सांगतों. तें खरें आहे. परंतु त्या घरांत माजघर होतें. ओटी पुरुषांची, माजघर बायकांचें, आणि मधला उंबरठा हाच पडदा. खिडकीला पडद्याची गरज नव्हती. कारण भिंती जाड, खिडक्या लहान, त्यांना गज आणि लांकडी झडपा. समईच्या उजेडांत बाहेरून कोणी डोकावलें तरी त्याला काय दिसणार? मुंबईंत सार्वजनिक गॅस व विजेचा लखलखाट आला, १८९८ सालीं निघालेल्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टनें दादर-माटुंग्याकडे नव्या वस्त्या आखल्या, मोठ्या कांचेच्या खिडक्यांचे ब्लॉक उभे राहिले. आणि रात्रीं दिवा लावला कीं घर रस्त्यावर मांडल्यासारखें दिसूं लागलें. खिडकीच्या पडद्याची खरी निकड येथून उत्पन्न झाली.

कोणी म्हणेल कीं, ही साहेबाची रीत. रीत साहेबाची असेल, कापड कोणाचें? सतराव्या शतकांत इंग्रजांच्या व फ्रेंचांच्या घरांतून ज्या कापडानें वेड लावलें, तें हिंदुस्थानचें चीट होय. त्यांचा 'चिंट्झ' हा शब्द छींट या आपल्याच शब्दाचें रूप आहे. १६६३ सालीं सॅम्युअल पीप्स या रोजनिशीकारानें पत्नीच्या खोलीच्या भिंती मढविण्यासाठीं तें विकत घेतल्याची नोंद केली आहे. त्या कापडाची चलती इतकी झाली कीं, फ्रान्सनें १६८६ सालीं त्यावर बंदी घातली, आणि इंग्लंडांतील लोकर व रेशीम विणणाऱ्यांनीं गिल्ला केल्यावर तेथील पार्लमेंटनें १७२१ च्या कायद्यानें छापील सुती कापड अंगावर घालण्याचीच नव्हे, तर घरांतील सजावटींत वापरण्याचीही मनाई केली. म्हणजे पडदासुद्धां गुन्हा ठरला! पुढें १७७५ सालीं डेव्हिड गॅरिक या विख्यात नटाच्या पत्नीला कलकत्त्याहून भेट आलेले शयनगृहाचे चिटाचे पडदे जकातवाल्यांनीं जप्त केले; जन्मभर पडद्यापुढें उभा राहिलेल्या त्या नटाला पडद्यासाठींच सरकारदरबारीं आर्जव करावें लागलें. ज्यांना आपण पडद्याचे गुरु समजतों, त्यांचे पडदे आमच्या चितारी-रंगाऱ्यांनीं रंगविलेले होते, एवढें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

त्या व्यापाराचें पारडें फिरलें व मँचेस्टरचें कापड येथें उतरूं लागलें, हा इतिहास सर्वश्रुत आहे. १८५४ सालीं कावसजी नानाभाई दावर यांनीं मुंबईंत कापडगिरणीची कंपनी काढली, आणि ठाणबंद कापड येथेंही निघूं लागलें. कापड आलें, शिवणयंत्र आलें. परंतु घरच्या स्त्रीच्या हातीं शिवणाची विद्या आली ती संस्थांमुळें. १९०९ सालीं पुण्यांत रमाबाई रानडे यांनीं चालविलेल्या सेवासदनानें लिहिण्यावाचण्याबरोबर शिवणकामासही स्थान दिलें. तोंवर दारावरचें मण्यांचें तोरण रुखवतांत मांडण्यापुरतें असे. आतां मोजमाप घेऊन बेतणें आणि यंत्रावर टीप मारणें ही विद्या झाली.

याच काळांत महाराष्ट्राचें सर्वांत मोठें पडद्याचें वैभव रंगभूमीवर होतें. कोल्हापुरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे बंधु नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवीत. पुढें बाबूरावांनीं 'सैरंध्री' हा बोलपट नव्हे, मूकपट १९२० सालीं पडद्यावर आणला, तेव्हां पडदा रंगविणारा हात पडद्यावर उजेड पाडूं लागला. पण नाटकाचा रंगविलेला पडदा सपाट ताणलेला असावा लागतो. त्याला चुणी पडली कीं राजवाड्याचा खांब मोडतो. घरच्या पडद्यावर चित्र नसतें. त्याची सारी शोभा चुण्यांत असते. आणि चुणी ही विद्या आमच्या स्त्रियांना कोणी शिकवावी? नेसतांना निऱ्या करणारीला अंगठा आणि तर्जनी यांचें माप उपजतच कळतें. पडद्याची चुणी म्हणजे टांक्यांनीं बांधून ठेवलेली निरीच होय.

मात्र निरी बोटांनीं जमते, पडद्याला हिशेब लागतो. उदाहरणादाखल चार फूट म्हणजे ४८ इंच रुंदीची खिडकी घेऊं. तिला दोन पाट हवेत. मध्यें एकमेकांवर येण्यास व कडेस झांकण्यास चार इंच धरून दोहोंची मिळून तयार रुंदी ५२ इंच, म्हणजे प्रत्येकीं २६. सजावटीचें कापड ५४ इंच पन्ह्याचें मिळतें. दोन्ही कडांस दोन-दोन इंच दुमडले कीं ५० उरले. पन्नासांतून सव्वीस गेले. राहिलेले २४ इंच हेंच चुण्यांचें भांडवल. त्यांतून चार-चार इंचांच्या सहा चुण्या निघतात. सहा चुण्यांमध्यें पांच सपाट जागा. त्या चार-चार इंचांच्या ठेवल्या कीं वीस झाले, आणि दोन्ही टोकांस तीन-तीन इंच सोडले कीं सव्वीस पुरे. लांबी साठ इंच हवी असेल तर वरच्या दुमडीस चार व खालच्या दुहेरी दुमडीस सहा मिळवून एका पाटास ७० इंच, दोहोंस १४०. चार वार कापडांत काम भागतें. कापड अर्ध्या किंमतीचें असेल तरी चालेल, परंतु पन्ह्यांत काटकसर करूं नये. खिडकीच्या दुपटीहून कमी कापडाचा पडदा आखूड निऱ्यांच्या लुगड्यासारखा दिसतो.

सुती कापड आधीं भिजवून वाळवावें. न भिजविलेला पडदा पहिल्या धुण्यांत खिडकीच्या वर चढतो. कातर लावण्यापूर्वीं आडवा एक धागा ओढून काढावा आणि त्या रेषेवर कापावें. धाग्याशीं तिरका कापलेला पडदा कधींच सरळ लोंबत नाहीं. वरच्या दुमडींत चार इंचांचें बकरम घालावें, म्हणजे चुणी मान टाकीत नाहीं. प्रत्येक चार इंचांची चुणी धरून तिचे तीन लहान पदर करावे आणि बकरमाच्या खालच्या कांठाशीं हातानें घट्ट टांके घालावे. शेवटचें काम टांगल्यानंतरचें आहे आणि घाईंत तेंच राहतें. पडदे उघडे सारून वरच्या प्रत्येक चुणीची रेघ बोटांनीं खालपर्यंत ओढत न्यावी, सगळ्या चुण्या एकत्र आणून मऊ नाडीनें दोनतीन ठिकाणीं सैल बांधाव्या व दोन दिवस तसेंच राहूं द्यावें. कापडाला स्मरण असतें. त्या दोन दिवसांत लागलेलें वळण तें पुढच्या धुण्यापर्यंत मोडत नाहीं.

हें सर्व आज बाजारांत तयार मिळतें. मग हा खटाटोप कशाला, असा प्रश्न सुज्ञ वाचक करतील. ज्याला सवड नाहीं त्यानें तयार पडदा जरूर आणावा. परंतु एक गोष्ट विसरूं नये. ज्या गिरण्यांत हें कापड निघालें, त्यांतील कामगारांचीं बिऱ्हाडें चाळींतल्या एका खोलींत होतीं. तेथें नवें जोडपें, म्हातारीं आणि मुलें यांच्यामध्यें भिंत नव्हती, दोरीवर टाकलेलें लुगडें होतें. तोही पडदाच. त्याला ना बकरम, ना हिशेबाची चुणी. पण माणसाला माणूस म्हणून थोडी आडोशाची जागा लागते, हें त्यानें जितकें सांगितलें तितकें कोणत्या मखमालीनें सांगितलें असेल?

गोषाचा पडदा आणि चाळींतलें तें लुगडें, दोन्ही कापडच. भेद इतकाच कीं, एक दुसऱ्यानें आपल्यापुढें ओढलेला आणि एक आपण आपल्यासाठीं ओढलेला. पहिल्यानें माणूस कोंडला जातो, दुसऱ्यानें त्याला विसावा मिळतो. आमच्या घरांतील स्त्रीनें स्वतः माप घेऊन, स्वतः बेतून, स्वतःच्या हातानें चुण्या घालून खिडकीवर पडदा टांगला, तेव्हां तिनें नुसती खोली सजविली नाहीं. शतकानुशतकें परक्या हातांत असलेली दोरी आपल्या हातीं घेतली. केव्हां उघडावा आणि केव्हां ओढावा, हें आतां तीच ठरविते. पडद्याच्या या दीर्घ इतिहासांत याहून मोठा बदल आम्हांस दुसरा दिसत नाहीं.