पायथनमधील अपूर्णांक आणि हिऱ्यांचे वजन

सुरतेच्या कतारगाम भागात हिऱ्यांना पैलू पाडणारे अनेक कारखाने आहेत. हिऱ्याचे वजन कॅरेटमध्ये मोजतात. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, आणि त्याचा शंभरावा भाग म्हणजे सेंट. अशा वजनांचा हिशेब पायथन या संगणकभाषेत लिहिणाऱ्याने अपूर्णांकांची हाताळणी आधी शिकून घ्यावी.

समजा, ०.३ कॅरेटची पुडी वर्गवारीसाठी दिली आणि ०.१ व ०.२ कॅरेटच्या दोन पुड्या परत आल्या. वजन चोख आहे. पायथन मात्र ही बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी दाखविते आणि दोन्ही वजने समान मानण्यास नकार देते. नोंद जुळली नाही की संशय निष्कारण कामगारावर येतो. दोष पायथनचा नव्हे. द्विमान पद्धतीत ०.१ ही संख्या नेमकी साठविताच येत नाही.

यावर ‘डेसिमल’ हे मॉड्यूल वापरावे. त्यास संख्या अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणून द्यावी. अन्यथा मूळची चूक तशीच आत शिरते. नवशिके अडखळतात ते येथेच. त्याहून सोपा मार्ग म्हणजे वजन पूर्ण सेंटमध्ये नोंदविणे: १० आणि २० मिळून ३०च होतात. काटा कॅरेटची तीन दशांश स्थळे दाखवीत असल्यास सेंटचा दहावा भाग एकक धरावा.