जातनोंदी

जातनोंदी : ज्या जुन्या शासकीय व शालेय दप्तरांत व्यक्तीची जात लिहिलेली असते, त्यांतील लेखांस जातनोंदी म्हणतात. महाराष्ट्रात आरक्षणासाठी लागणाऱ्या जात प्रमाणपत्राची वैधता प्रामुख्याने या नोंदींवर ठरते. मात्र त्यांपैकी बहुतेक नोंदी जन्म-मृत्यू, शाळाप्रवेश इत्यादींच्या निमित्ताने झालेल्या असून वंशनिश्चिती हा त्यांचा हेतू नव्हता.

जात पडताळणी समित्या व दक्षता पथके यांची रूपरेषा सर्वोच्च न्यायालयाने माधुरी पाटील खटल्यात (१९९४) घालून दिली. महाराष्ट्राच्या २००१ च्या तेविसाव्या अधिनियमाने पुराव्याचा भार अर्जदारावर ठेवला आहे. अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० व इतर मागासवर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ हे मानीव दिनांक असून त्यांपूर्वीच्या नोंदींस विशेष महत्त्व असते.

कोकणातील नाटे (ता. राजापूर, जि. रत्नागिरी) यासारख्या गावच्या कुटुंबाची नोंद शोधताना गावचे जन्म-मृत्यूचे दप्तर (गाव नमुना १४) व प्राथमिक शाळेची दाखल-खारीज नोंदवही ही प्रथम पाहतात. रत्नागिरी जिल्ह्यातून अनेकजण गिरणीकामासाठी मुंबईस गेले; त्यांच्या मुलांच्या नोंदी तेथील शाळांत सापडतात. जुन्या नोंदी पुष्कळदा मोडी लिपीत असतात. त्यांत आडनाव नसून केवळ स्वतःचे व वडिलांचे नाव असल्यास वंशावळ जुळविणे कठीण जाते. ‘कुणबी’ ही जात इतर मागासवर्गांच्या यादीत आहे, नुसती ‘मराठा’ नाही; त्यामुळे पणजोबांच्या नावापुढील एका शब्दावर नातवंडा-पतवंडांचे शिक्षण व नोकरी अवलंबून राहते. कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य शासनाने २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली. प्रारंभी मराठवाड्यापुरते असलेले तिचे कार्यक्षेत्र पुढे राज्यभर वाढविण्यात आले.

अमेरिकेतील चॉक्टॉ जमातीचा दाखला येथे उद्‌बोधक आहे. १८९३ मध्ये स्थापन झालेल्या डॉझ आयोगाने जमातीची नामावली तयार केली. ओक्लाहोमातील चॉक्टॉ राष्ट्राचे सदस्यत्व आजही तीत ‘रक्ताने चॉक्टॉ’ म्हणून नोंदल्या गेलेल्या पूर्वजाच्या वंशजांसच मिळते. महाराष्ट्रात अशी एकच बंद नामावली नाही. विखुरलेल्या दप्तरांतून प्रत्येक कुटुंबास पुराव्याची साखळी स्वतः जुळवावी लागते. दोन्हींकडे परिणाम मात्र सारखाच होतो. नोंद न मिळाल्याने वंश खोटा ठरत नाही, पण हक्क सिद्ध होत नाही. म्हणून जीर्ण दप्तरांचे जतन व मोडी वाचकांचे प्रशिक्षण यांना केवळ इतिहाससंशोधनापुरते महत्त्व उरलेले नाही.