विद्यापीठ धर्माचे की सरकारचे? : आयर्लंडमधील एक जुना वाद

जून महिना उजाडला की सकाळच्या मिस्सानंतर धर्मग्रामाच्या कार्यालयात पालकांची वर्दळ वाढते. हातात गुणपत्रिका असते आणि ओठांवर एकच प्रश्न : “फादर, मुलाला आपल्या लोकांच्या कॉलेजात घालावे की सरकारी?” एकीकडे श्रद्धेची काळजी असते, दुसरीकडे फी, पदवीची किंमत आणि उद्याची नोकरी. हा प्रश्न आजचा नाही. एका संपूर्ण कॅथलिक राष्ट्राने तो साठ वर्षांहून अधिक काळ सोसला. त्या आयर्लंडची कहाणी आपण समजून घेतली पाहिजे.

राणी एलिझाबेथच्या काळात, १५९२ साली स्थापन झालेले डब्लिनचे ट्रिनिटी कॉलेज हे दीर्घकाळ त्या देशातील एकमेव विद्यापीठ होते आणि ते प्रॉटेस्टंट राज्यकर्त्यांचे होते. १७९३ च्या कायद्याने कॅथलिकांना तेथे पदवी घेण्याची मुभा मिळाली खरी. पण फेलोशिपसारख्या मानाच्या जागा त्यांना १८७३ पर्यंत बंदच राहिल्या. १७९५ मध्ये मेनूथची सेमिनरी निघाली. तिथे धर्मगुरू घडत होते. परंतु ज्याला डॉक्टर, वकील वा अभियंता व्हायचे होते, त्या कॅथलिक तरुणाने कोठे जावे?

पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी १८४५ मध्ये या प्रश्नाला उत्तर दिले. बेलफास्ट, कॉर्क आणि गॉलवे येथे सरकारी खर्चाने ‘क्वीन्स कॉलेजे’ काढण्याचा कायदा झाला. तेथे प्रवेशाला धर्माची अट नव्हती; तसेच सरकारी पैशाने धर्मशास्त्र शिकवले जाणार नव्हते. एका कट्टर प्रॉटेस्टंट खासदाराने या संस्थांना ‘देवहीन कॉलेजे’ असे नाव ठेवले आणि नवल असे की, तेच नाव कॅथलिकांनी उचलून धरले.

आयरिश बिशपांनी प्रारंभी दार पूर्णपणे लावून घेतले नव्हते. प्राध्यापकांत कॅथलिकांचे योग्य प्रमाण असावे आणि इतिहास, तर्कशास्त्र, नीतिशास्त्र यांबरोबरच भूगर्भशास्त्र व शरीररचनाशास्त्रही कॅथलिक विद्यार्थ्यांना कॅथलिक प्राध्यापकांनी शिकवावे, असे त्यांचे मागणे होते. सरकारने ते मान्य केले नाही. मग मतभेद वाढले. डब्लिनचे आर्चबिशप मरे सरकारला संधी देऊ पाहत होते, तर ट्यूमचे आर्चबिशप मॅकहेल यांचा कडवा विरोध होता. जनतेचे नेते डॅनियल ओकॉनेल विरोधकांच्या बाजूने उभे राहिले. तरुण प्रॉटेस्टंट देशभक्त थॉमस डेव्हिस यांना मात्र वाटत होते की, जी मुले वेगवेगळी शिकतील ती मोठेपणीही वेगवेगळीच राहतील. मे १८४५ मधील सभेत दोघांचा जाहीर खटका उडाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डेव्हिस निवर्तले आणि त्याच सुमारास बटाट्याच्या पिकावर रोग पडून भीषण दुष्काळाला सुरुवात झाली.

१८४९ साली कॉलेजे उघडली. १८५० मध्ये आर्चबिशप पॉल कलन यांच्या अध्यक्षतेखाली थर्ल्स येथे भरलेल्या धर्मपरिषदेने त्यांचा निषेध केला आणि स्वतंत्र कॅथलिक विद्यापीठाचा संकल्प सोडला. त्यासाठी जॉन हेन्री न्यूमन यांना पाचारण करण्यात आले. १८५२ साली डब्लिनमध्ये त्यांनी जी व्याख्याने दिली, ती पुढे विद्यापीठाच्या संकल्पनेवरील अभिजात ग्रंथाचा भाग झाली. ईश्वरविषयक ज्ञान वगळले तर ज्ञानाचे वर्तुळ अपुरे राहते, हे त्यांनी ठामपणे मांडले. परंतु विद्यापीठ म्हणजे सेमिनरी नव्हे, हेही त्यांनी तितक्याच ठामपणे सांगितले.

नोव्हेंबर १८५४ मध्ये विद्यापीठ सुरू झाले. उणीव एकच होती, पण ती जीवघेणी ठरली : राजसनद नव्हती. सनदेशिवाय त्याच्या पदवीला सरकारदरबारी मान्यता नव्हती. अपवाद वैद्यकीय शाखेचा. १८५५ मध्ये सुरू झालेली ही शाखा भरभराटीस आली, कारण तिच्या विद्यार्थ्यांना अन्य मान्य वैद्यकीय संस्थांची परीक्षा देऊन वैद्यकीचा परवाना मिळवता येत होता. श्रद्धा तीच, प्राध्यापकही कॅथलिक. फरक होता तो केवळ हाती पडणाऱ्या कागदाचा. आईबाप पदवीची किंमत पाहतात म्हणून त्यांना अश्रद्ध ठरवणाऱ्यांनी हा दाखला ध्यानात ठेवावा.

आणखी एक गोष्ट मनाला बोचते. या विद्यापीठासाठी गावोगावच्या चर्चमध्ये वर्गणी गोळा होई. दुष्काळातून नुकतेच वर आलेले शेतकरी त्यात आपले पैसे टाकत. त्यांतील बहुतेकांच्या मुलांना माध्यमिक शाळाही लाभली नव्हती. ज्यांनी विद्यापीठ पोसले, त्यांना त्याची पायरी चढता आली नाही. कारभारात, विशेषतः हिशेबात, प्रापंचिकांचा सहभाग असावा असा न्यूमन यांचा आग्रह होता. तोही रुचला नाही. १८५८ मध्ये त्यांनी पद सोडले. २०१९ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले. हयातीत मात्र त्यांच्या वाट्याला निराशाच आली.

कोंडी फुटली ती व्यवहारी तोडग्याने. १८७९ च्या कायद्याने परीक्षा घेऊन पदवी देणारे ‘रॉयल युनिव्हर्सिटी’ निर्माण झाले. विद्यार्थी कोठे शिकला, हे तेथे पाहिले जात नसे. त्यामुळे न्यूमन यांच्या जुन्या संस्थेतून, म्हणजे १८८३ पासून येशूसंघीयांच्या हाती आलेल्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून, मान्यताप्राप्त पदवी मिळू लागली. कवी व येशूसंघीय धर्मगुरू जेरार्ड मॅनली हॉपकिन्स येथेच शिकवत होते. कादंबरीकार जेम्स जॉइस १९०२ मध्ये येथूनच पदवीधर झाले. १९०८ मध्ये डब्लिन, कॉर्क व गॉलवे येथील कॉलेजे मिळून राष्ट्रीय विद्यापीठ झाले. कायद्याने ते कोणत्याही धर्माचे नव्हते. पण विद्यार्थी बहुसंख्येने कॅथलिक असणार, हे जाणून बिशपांनी ते स्वीकारले. ट्रिनिटीत जाण्यावरील धर्माधिकाऱ्यांचे निर्बंध मात्र १९७० पर्यंत टिकले.

वाचकहो, आपल्याकडे हा तोडगा आधीच हाती आला होता. १८५७ चे मुंबई विद्यापीठ लंडनच्या नमुन्यावर उभारले गेले : परीक्षा विद्यापीठाची, अध्यापन संलग्न कॉलेजांचे. म्हणूनच १८६९ मध्ये येशूसंघीयांचे सेंट झेवियर्स कॉलेज सार्वजनिक विद्यापीठाच्या छत्राखाली उभे राहू शकले. श्रद्धा आणि सनद यांपैकी एकीचा त्याग करण्याची वेळ आपल्या पूर्वजांवर आली नाही.

आयरिश बिशपांची भीती खोटी होती, असे मी म्हणणार नाही. ज्या शिक्षणात ईश्वराला जागाच नाही, ते अपुरेच. परंतु निषेधाचा ठराव करणे सोपे. त्याची किंमत एखाद्या मुलाच्या उमेदीच्या वर्षांतून वसूल होते. म्हणून कार्यालयात आलेल्या पालकांना मी आता आधी विचारतो : घरचे उत्पन्न किती, मुलाचा ओढा कशाकडे, त्या पदवीला मान्यता आहे का? मूल सरकारी कॉलेजात गेले, तर त्याची रविवारची मिस्सा आणि त्याच्या मनातील शंका या दोहोंची काळजी वाहणे हे आम्हा धर्मगुरूंचे काम. ते काम कोणत्याही विद्यापीठावर ढकलून आम्हाला मोकळे होता येणार नाही.