चषक, गुणतक्ता आणि मॅनेजर

टॉटनहॅम हॉटस्परच्या मॅनेजरला ठेवावे की काढावे, हा वाद उत्तर लंडनमध्ये जवळपास दर हंगामात पेटतो आणि या क्लबवर जीव लावून बसलेले माझ्यासारखे दूरदेशीचे चाहतेही त्यात हिरिरीने उतरतात. मॅनेजरचे यश कशावर जोखायचे याचे उत्तर मात्र इथे काळागणिक बदलत गेले. ते पाहायला आपल्याला 1901 सालापर्यंत मागे जावे लागते. तेव्हा जॉन कॅमेरन हे स्कॉटिश गृहस्थ क्लबचे खेळाडू, सचिव आणि मॅनेजर अशा तिन्ही भूमिका सांभाळत. क्लब फुटबॉल लीगमध्ये नव्हताच, सदर्न लीगमध्ये खेळत होता. अशा संघाने एफए कपच्या अंतिम फेरीत शेफिल्ड युनायटेडला क्रिस्टल पॅलेसवर लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर 2-2 असे रोखले आणि बोल्टनच्या फेरसामन्यात 3-1 असे हरवले. त्यातला एक गोल खुद्द कॅमेरन यांचा. 1888 मध्ये लीग सुरू झाल्यापासून लीगबाहेरच्या दुसऱ्या कोणत्याही क्लबला हे जमलेले नाही. चषक हेच इथल्या चाहत्यांचे पहिले माप ठरले ते असे.

पुढे ऑक्टोबर 1958 मध्ये बिल निकल्सन यांनी सूत्रे घेतली. पहिल्याच सामन्यात एव्हर्टनवर 10-4 असा विजय मिळाला, पण हंगामाअखेर संघ 18 व्या क्रमांकावर होता. क्लबच्या संचालक मंडळाने धीर धरला आणि 1961 मध्ये निकल्सन यांनी लीग व एफए कप एकाच हंगामात आणले. 1897 च्या अ‍ॅस्टन व्हिलानंतर हे कोणालाच साधले नव्हते. 1963 मध्ये तर रॉटरडॅमला अ‍ॅटलेटिको माद्रिदचा 5-1 असा पराभव करून टॉटनहॅम युरोपीय चषक जिंकणारा पहिला ब्रिटिश क्लब ठरला. नुसते जिंकणे पुरेसे नाही, खेळ देखणाही हवा, ही अट निकल्सन यांच्या संघांनी कायमची घालून दिली.

या साऱ्या वाटचालीत मला सर्वांत मोलाचे वाटते ते 1977 साल. कीथ बर्किनशॉ यांच्या पहिल्याच हंगामात संघ तळाला राहिला आणि 27 वर्षांनंतर दुसऱ्या श्रेणीत घसरला. आज असा मॅनेजर आठवडाभरही टिकणार नाही. मंडळाने मात्र त्यांना ठेवले. वर्षभरात संघ वर आला, तोही तिसऱ्या क्रमांकाने, ब्रायटनइतक्याच गुणांवर, केवळ गोलफरकाच्या आधारे. त्याच उन्हाळ्यात बर्किनशॉ यांनी विश्वविजेत्या अर्जेंटिनाचे ओसी आर्दिलेस आणि रिकी व्हिया यांना लंडनला आणून साऱ्या इंग्लंडला थक्क केले. 1981 आणि 1982 चे एफए कप आले, 1984 मध्ये अँडरलेख्टला पेनल्टींवर हरवून युएफा कपही आला. तोवर जमीन सरकली होती. 1983 मध्ये क्लब लंडनच्या शेअर बाजारात उतरला होता, तसे करणारा तो पहिला फुटबॉल क्लब. संचालकांशी पटेना म्हणून युएफा कप जिंकून बर्किनशॉ निघून गेले.

त्यानंतर गुणतक्त्यातला क्रमांक आणि त्यातून येणारा पैसा हे मंडळाचे माप झाले. प्रीमियर लीगच्या काळात चौथे स्थान चॅम्पियन्स लीगची दारे उघडू लागले, तेव्हा ते पक्के झाले. मॉरिसिओ पोचेटिनो यांनी 2019 मध्ये संघाला त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले आणि लीगमध्ये घसरण होताच त्याच नोव्हेंबरात त्यांना नारळ मिळाला. जोझे मोरिन्यो यांना एप्रिल 2021 मध्ये लीग कपच्या अंतिम सामन्याच्या सहा दिवस आधी काढले गेले. ते मला आजही उमगत नाही.

मग येते 21 मे 2025 ची रात्र. बिल्बाओमध्ये अँजे पोस्टेकोग्लू यांच्या संघाने मँचेस्टर युनायटेडला 1-0 असे नमवून युरोपा लीग जिंकली. 2008 नंतरचा पहिला चषक, 1984 नंतरचा पहिला युरोपीय. त्याच हंगामात लीगमध्ये 38 पैकी 22 सामने हरून संघ 17 वा आला होता. 6 जूनला पोस्टेकोग्लू यांना दूर करण्यात आले. या विजयाच्या भावनेवर निर्णय बेतता येणार नाही, अशी क्लबची भूमिका होती. 22 पराभव डोळ्यांआड करावेत असे मी म्हणणार नाही. पण 1977 च्या मंडळाने तळाला गेलेल्या, हाती काहीच नसलेल्या माणसाला जेवढी मुदत दिली, तेवढी 41 वर्षांनी युरोपीय चषक आणणाऱ्याला मिळायलाच हवी होती.