शेकडो जुन्या रेडिओंचा बोलता मनोरा: ‘बाबेल’ आहे तरी काय?

लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयाकडे रेडिओंचा एक मनोरा आहे. निळसर अंधाराच्या खोलीत शिरलं की आधी नुसती कुजबुज ऐकू येते. मग दिसतो तो, सुमारे ५ मीटर उंच.

ब्राझीलचे कलाकार सिल्डो मेइरेलेस यांच्या या २००१ मधल्या कलाकृतीचं नाव ‘बाबेल’. बायबलमधल्या कथेत माणसं स्वर्गाला भिडणारा मनोरा बांधायला घेतात, तेव्हा देव त्यांची भाषाच एक ठेवत नाही. कुणाचं कुणाला कळेनासं होतं. इथेही तेच! शेकडो सेकंडहँड रेडिओ, प्रत्येकावर वेगळं स्टेशन, आवाज जेमतेम ऐकू येण्याइतका. तळाला १९२० च्या दशकातले मोठाले व्हॉल्व्हचे रेडिओ, वर जावं तसे नवे आणि लहान. त्यामुळे मनोरा आहे त्याहून उंच भासतो.

यातलं काहीच आधी रेकॉर्ड केलेलं नाही. त्या क्षणी हवेत असलेल्या बातम्या, गाणी, जाहिराती तेवढ्या ऐकू येतात. म्हणून याची रील कितीही चांगली काढली, तरी ती शिळीच.

पण खरी अडचण पुढे आहे. बिघडलेला रेडिओ दुरुस्त होईल, बंद झालेल्या स्टेशनचं काय? नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम प्रसारण थांबवून त्या डिजिटलवर नेल्या. असं सगळीकडे झालं, तर डिजिटल प्रसारण या जुन्या रेडिओंना पकडता येणार नाही. मनोरा तसाच उभा राहील, फक्त खरखरत.