बाहेरचा खेळाडू आणि धेंपोचा हिशेब

शिळफाट्यापासून कर्जत-खालापूरपर्यंतच्या आमच्या पट्ट्यात भातकापणी आटोपली, की मोकळ्या शेतांत टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे सामने सुरू होतात. या सामन्यांत हमखास वाद होतो तो 'बाहेरच्या खेळाडू'वरून. पैसे मोजून आणलेला फलंदाज गावाचा मानायचा का? त्याने जिंकून दिलेला चषक गावाने मिरवायचा का? हाच प्रश्न मोठ्या मैदानावर तपासायचा, तर गोव्याच्या फुटबॉलकडे जावे लागते. तेथे तो थोड्या वेगळ्या रूपात विचारला जातो : क्लबाने बाहेरून आणलेल्या खेळाडूंत सर्वांत मोलाचा कोण?

धेंपो स्पोर्ट्स क्लब या चर्चेसाठी योग्य ठरतो, कारण त्याच्याकडे दाखवण्यासारखे यश आहे. खाण आणि जहाज व्यवसायातील धेंपो घराण्याच्या नावाने हा क्लब उभा राहिला. मराठी वाचकांना हे घराणे 'नवप्रभा' दैनिकामुळेही माहीत आहे. प्रशिक्षक आर्मांदो कोलासो यांच्या हाताखाली धेंपोने २००४-०५ आणि २००६-०७ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. तिची जागा आय-लीगने घेतल्यावर २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ अशी आणखी तीन विजेतेपदे मिळवली. आठ हंगामांत पाच वेळा देशाचा विजेता! २००८ मध्ये हा संघ आशियाई पातळीवरच्या एएफसी चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंतही पोहोचला.

या पाचही विजेतेपदांत एक परदेशी नाव कायम आहे : रँटी मार्टिन्स. हा नायजेरियन आघाडीवीर २००४ मध्ये कोवळ्या वयात धेंपोकडे आला आणि २०१२ पर्यंत राहिला. २०११-१२ च्या एका हंगामात त्याने ३२ गोल केले. हा आकडा पुढे केला की वाद संपला, असे अनेकांना वाटते. मला मात्र हा आकडाच थोडा फसवा वाटतो.

धेंपोच्या पाच विजेत्या हंगामांत लीगचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू कोण होता, हे पाहावे. २००४-०५ मध्ये स्पोर्टिंग क्लब द गोवाचा डुडू. २००६-०७, २००७-०८ आणि २००९-१० मध्ये चर्चिल ब्रदर्सचा ओडाफा ओकोली. रँटी त्या यादीत सर्वांत वर आहे तो फक्त २०११-१२ मध्ये. उलट २००५-०६ मध्ये तो अव्वल ठरला, तेव्हा विजेतेपद मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने नेले. २०१०-११ मध्ये तो पुन्हा अव्वल ठरला, तर साळगावकर क्लब जिंकला. म्हणजे तीनदा त्याने सर्वांहून अधिक गोल केले आणि त्यांतल्या एकदाच धेंपो विजेता झाला.

याचा अर्थ रँटीचे मोल कमी, असा मी काढत नाही. त्याचे मोल गोलांच्या शर्यतीत शोधू नये, एवढेच म्हणणे आहे. परदेशी खेळाडू हंगाम-दोन हंगामांत क्लब बदलतात. कोलकात्याचा पैसा गोव्यातल्या स्थानिक मुलांनाही ओढून नेतो. अशा बाजारात हा खेळाडू आठ हंगाम एकाच क्लबात टिकला. त्यामुळे संघाला दरवर्षी नवी आघाडी बांधावी लागली नाही. त्याच्या मागे ब्राझीलचा बेटो खेळ रचत होता. क्लिफर्ड मिरांडा आणि समीर नाईक हे गोव्याचे खेळाडू होते. महेश गवळी आणि क्लायमॅक्स लॉरेन्स कोलकात्यात खेळून गोव्यात परतले होते. या माणसांना एकमेकांची सवय झाली. बाहेरच्या खेळाडूने गावातल्या पोरांची जागा अडवली, अशी तक्रार आमच्याकडे नेहमी ऐकू येते. धेंपोत बाहेरच्या एका पक्क्या खांबाभोवती स्थानिकांचा संघ उभा राहिलेला दिसतो.

तरीही या चर्चेत दुसरे एक नाव निघतेच, आणि ते निघाले की आवाज खाली येतो. २००३-०४ मध्ये ईस्ट बंगाल विजेता झाला आणि धेंपो दुसरा आला. ईस्ट बंगालसाठी त्या हंगामात १५ गोल करून लीगमध्ये अव्वल ठरला होता ब्राझीलचा क्रिस्टियानो ज्युनियर. ज्याच्यामुळे विजेतेपद हुकले, त्यालाच धेंपोने पुढच्या हंगामासाठी करारबद्ध केले. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरूच्या कंठीरवा स्टेडियममध्ये फेडरेशन चषकाचा अंतिम सामना मोहन बागानशी झाला. धेंपो २-० असा जिंकला. दोन्ही गोल ज्युनियरचे होते. दुसरा गोल करताना त्याची गोलरक्षकाशी धडक झाली आणि तो मैदानावर कोसळला. रुग्णालयात त्याला मृत घोषित करण्यात आले. वय अवघे २५. धेंपोने १० क्रमांकाचा शर्ट त्याच्या स्मरणार्थ निवृत्त केला.

ज्याने क्लबासाठी प्राण दिले, तोच सर्वांत मोठा, असे म्हणणारे आहेत. त्यांची भावना समजते, पण हा युक्तिवाद मला पटत नाही. ज्युनियरने प्राण दिले नाहीत, ते गेले. तो गोल करायला धावला होता. त्याच्या मृत्यूला क्लबाच्या कमाईच्या रकान्यात लिहिणे म्हणजे त्या अपघाताला बलिदानाचे नाव देऊन मोकळे होणे. मग मैदानावर डॉक्टर आणि रुग्णवाहिका सज्ज असावी, हा आपल्याकडच्या प्रत्येक सामन्याला लागू असलेला प्रश्न कोणी विचारत नाही. करारात खेळाडू आपले शरीर हंगामापुरते क्लबाच्या हवाली करतो. ते सुखरूप परत करण्याची जबाबदारीही त्याच करारात येते, ती छापलेली असो वा नसो.

म्हणून माझ्या हिशेबात दोन वेगळी पाने आहेत. मोलाचा खेळाडू कोण, या पानावर रँटी मार्टिन्सचे नाव, तेही आठ हंगामांसाठी. ज्युनियरचे नाव दुसऱ्या पानावर, क्लबाच्या आणि खेळाच्या देण्यात.

रँटी २०१२ मध्ये कोलकात्याच्या प्रयाग युनायटेडकडे गेला. त्याच वर्षी सप्टेंबरात गोव्यातील खाणी थांबल्या. एकामुळे दुसरे घडले नाही, पण खाणीच्या पैशावर पोसलेल्या फुटबॉलचा काळ मात्र तेव्हापासून उतरणीला लागला. २०१४-१५ मध्ये धेंपो आय-लीगमधून खालच्या श्रेणीत गेला. तेथे जिंकून वर आला, तरी २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंगसह त्याने आय-लीगमधून माघार घेतली. २०२४-२५ मध्ये धेंपो आय-लीगमध्ये परतला. नव्या संघात नवे बाहेरचे खेळाडू येतील, कोणी रँटीचे गोलही ओलांडेल. दहा नंबर मात्र कोणालाच मिळणार नाही.